त्या वहीचं पहिलं पान

पत्र थोडक्यात: पत्रलेखिका पन्नाशी ओलांडलेल्या आहेत. वडील लवकर गेले. आई दुसऱ्यांच्या घरी काम करायची आणि बालपण अतिशय गरिबीत गेलं. आज त्यांचं बरं चाललं आहे. सहा वर्षांपासून त्या एका वाचक गटात जातात. महिन्यातून एकदा पंधरा-सोळा जण जमतात आणि एखाद्या पुस्तकावर बोलतात. मागच्या बैठकीत बालपणीच्या गरिबीवरच्या एका आत्मकथनाची चर्चा झाली. एक सदस्य म्हणाले, “जरा अतिरंजित वाटतं. एवढं कुणाच्या वाट्याला येतं का?” एका बाईंना तेच पुस्तक ‘खूप प्रेरणादायी’ वाटलं. पत्रलेखिका गप्प राहिल्या. पुस्तकातलं बरंचसं त्यांनी स्वतः भोगलेलं आहे, पण गटात ते कुणालाच ठाऊक नाही. गेली तीन वर्षं लिहिलेली आठवणींची साठ पानं त्यांच्याकडे आहेत. ती गटात वाचावीत असं वाटतं, पण लोक कीव करतील, पुढे वेगळ्या नजरेने बघतील, याची भीतीही वाटते. थोरल्या भावाने लिखाण वाचलं आणि सांगितलं, “घरातलं बाहेर कशाला? ते वहीचं पान तर जाळूनच टाक.” त्या पानावर, आईने कामाच्या घरून न विचारता आणलेल्या वहीची हकिगत आहे. भावाचं म्हणणं, ती वही त्या घरच्यांनीच दिली होती. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिला या लिखाणाचा पत्ता नाही. पत्रलेखिका विचारतात: वाचू की नको? आणि ते पान वगळलं तर बाकीचं सगळं खोटं ठरणार नाही का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, प्रश्न धीराचा आहे. दुसऱ्यांदा वाचताना सहज पानं मोजली. चार पानी पत्रात वाचक गटाबद्दल एकच परिच्छेद आहे आणि अडीच पानं त्या वहीबद्दल आहेत. विचारलंत गटाचं, पण जीव अडकलाय वहीत. म्हणून मी दोन्हींबद्दल लिहिते, वहीबद्दल जास्त.

आधी गट. ‘अतिरंजित’ हा शब्द ऐकल्यावर तुमचे कान तापले, मांडीवरचं पुस्तक तुम्ही मिटलंत आणि घरी येईपर्यंत ठरवून टाकलंत की पुढच्या वेळी माझंच वाचते. कुणालाही हेच वाटलं असतं. पण ती साठ पानं तुम्ही तीन वर्षं लिहीत होतात, तेव्हा ते गृहस्थ तुमच्या डोक्यातही नव्हते. आता लगेच पुढच्याच बैठकीत वाचलंत तर ती पानं त्यांना दिलेलं उत्तर होतील. सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळतील. ते ओशाळतील, माफी मागतील, आणि उरलेला वेळ त्यांची समजूत काढण्यात जाईल. तुमची आई, तुमचा दादा, ती गळकी खोली सगळं बाजूला राहील. एक-दोन बैठका जाऊ द्या. त्या गृहस्थांना काही सांगायचंच असेल तर एक वाक्य पुरेल: “मला ते पुस्तक अतिरंजित वाटलं नाही, कारण माझं लहानपण साधारण तसंच गेलं.” एवढं म्हणून थांबा. खोलीतलं कोण कसं वागतं ते त्या एका वाक्यावर तुम्हाला कळेल, आणि साठ पानं अजून तुमच्या पिशवीतच असतील.

तुम्ही लिहिलंय, “इतकी वर्षं लपवलं, म्हणजे मी या लोकांशी खोटंच वागले.” हे वाक्य मला पटलं नाही. त्यावर थोडं थांबूया.

१७७६ साली अ‍ॅडम स्मिथने गरजेच्या वस्तू म्हणजे काय हे सांगताना तागाच्या सदऱ्याचं उदाहरण दिलं होतं. जगायला तो सदरा लागत नाही, ग्रीक आणि रोमन लोक त्याच्याशिवाय मजेत राहिले. पण आपल्या काळात साध्या मजुरालाही त्याच्याविना चारचौघांत जायची लाज वाटेल, म्हणून तो गरजेचाच, असं त्याचं म्हणणं. पुढे अमर्त्य सेन यांनी हाच धागा धरून मांडलं की चारचौघांत लाज न वाटता वावरता येणं हीसुद्धा माणसाची मूलभूत गरज आहे. रॉबर्ट वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युगांडा, भारत, चीन, पाकिस्तान, दक्षिण कोरिया, ब्रिटन आणि नॉर्वे अशा सात देशांतल्या गरीब माणसांशी, त्यांच्या मुलांशीही, बोलून २०१३ साली निष्कर्ष मांडले. या देशांतल्या राहणीमानात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तरी लाज सगळीकडे तीच होती. सगळीकडेच माणसं ती लपवण्यासाठी धडपडत होती, लोकांत मिसळणं टाळत होती, सगळं ठीक असल्याचं दाखवत होती.

मला या सगळ्यातून एवढंच म्हणायचंय की लाज हा तुमच्या स्वभावातला दोष नाही. गरिबीने जशी वही नाकारली, चप्पल नाकारली, तशी ही लाज हातात ठेवली. आठ वर्षांच्या मुलीने ती झाकली, कारण तिला दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात जाऊन बसायचं होतं. त्या मुलीला खोटारडी म्हणू नका. आणि गटातल्यांनी तुम्हाला लहानपणाबद्दल कधी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही, यात फसवणूक कसली?

आता कीव. कुणी करणार नाही, असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. कुणीतरी करेल. मी स्वतः केलेली आहे. वर्षांपूर्वी एका मैत्रिणीने तिच्या लहानपणातला एक प्रसंग सांगितला आणि मी तिचा हात धरून म्हणाले, “किती सोसलंस गं!” तिने हात हळूच सोडवून घेतला आणि विषय बदलला. पुन्हा कधी तिने मला काही सांगितलं नाही. ती मला एक गोष्ट सांगत होती. तिच्या त्या गोष्टीत एक खाष्ट शेजारीण होती, एक हरवलेली किल्ली होती, शेवटी हसण्यासारखंही काही होतं. मी मात्र गोष्ट बाजूला सारून तिलाच बिचारी करून ठेवलं. माझ्या मनात वाईट काही नव्हतं. पण ऐकलेल्याचं काय करायचं हे मला कळत नव्हतं आणि मी हाताशी आलेलं पहिलं वाक्य बोलून मोकळी झाले.

बहुतेकांचं असंच होतं. म्हणून वाचायच्या आधी ऐकणाऱ्यांना काम द्या. तुमचा गट पुस्तकांवर बोलणारा आहे, ते तुमच्या पथ्यावरच पडेल. सुरुवातीलाच सांगा: “मी चार पानं वाचते. आपण इतर पुस्तकांवर बोलतो तसंच यावर बोला. कुठे चित्र डोळ्यांसमोर उभं राहिलं, कुठे कळलं नाही, कुठे लांबलं, ते सांगा. मला कसं वाटलं असेल यावर आज बोलायला नको.” असं स्पष्ट सांगितलं की लोकांनाही हायसं वाटतं. तरीही एखादी बाई डोळे पुसेल. तिला पुसू द्या. तिला सावरणं ही त्या दिवशी तुमची जबाबदारी नाही.

कीवेपेक्षा मला जास्त धास्ती वाटते ती ‘प्रेरणादायी’ या शब्दाची. कीव टोचते, म्हणून आपण तिच्यापासून सावध असतो. कौतुक गोड लागतं आणि हळूहळू आपण त्याच्या मापाने लिहायला लागतो. मग गळकी खोली ही पहिली पायरी, आईचं काम ही दुसरी, शिष्यवृत्ती तिसरी, आणि सगळ्यात वर आजच्या तुम्ही. तुमच्याच वर्गात तुमच्याइतकीच हुशार एक मुलगी होती, तिची शाळा सातवीत सुटली, असं तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय. पायऱ्यांच्या गोष्टीत ती मुलगी कुठे बसते? तिने कमी कष्ट केले होते का? साठ पानांत ती नसेल तर तिला जागा करा. आणि आपली पानं एकदा या नजरेने चाळा की कुठली वाक्यं वाचणाऱ्याला बरं वाटावं म्हणून आली आहेत. मला खात्री आहे, ती तुम्हाला लगेच सापडतील.

दुसऱ्या बाजूचंही एक आहे. पावसाळ्यात तुम्ही आणि दादा ठिबकत्या छपराखाली भांडी लावायचात आणि डोळे मिटून कुठलं भांडं वाजतंय ते ओळखायचात, हे तुम्ही पत्रात दोनच ओळींत लिहून पुढे गेलात. ताई, त्या दोन ओळींवर मी बराच वेळ होते. गरिबीतलं मूलही दिवसाचे सगळे तास गरीब असल्यासारखं जगत नाही. ते खेळतं, भांडतं, हेवा करतं, खोटं बोलतं, कंटाळतं. हे सगळं लिखाणात आलं की ऐकणाऱ्याला कीव करायला फारशी जागा उरत नाही. समोर एक जिवंत, खोडकर मुलगी उभी राहते. गटात पहिल्यांदा वाचायचंच असेल तर माझं मत आहे, हा भांड्यांचा प्रसंग वाचा. नीट फुलवून चार पानांचा करा. दुःख त्यात आपसूक येईल, छप्पर गळतंय हे कुणाला वेगळं सांगावं लागणार नाही.

आता वही.

तुम्ही काय लिहिलंय ते मी पुन्हा मांडते. तुम्ही आठ वर्षांच्या, दादा तेरा वर्षांचा. शाळेत वही नसलेल्यांना उभं करत. एका संध्याकाळी आईने कामावरून आल्यावर पिशवीच्या तळातून एक वही काढली. तिचं पहिलं पान फाडलेलं होतं. आई म्हणाली, “कुणाला दाखवत बसू नकोस.” पंधरा दिवसांनी तिचं त्या घरचं काम सुटलं. का, ते कुणी सांगितलं नाही. आणि तुमच्या पानावरचं पहिलं वाक्य आहे, ‘आईने माझ्यासाठी एकदा चोरी केली.’

वाक्य जबरदस्त आहे. ते तुम्हाला सोडवत नाही हेही मला दिसतंय. पण वर तुम्हीच दिलेला तपशील पाहा. तुम्ही वही पिशवीतून निघताना पाहिली, त्या घरातून उचलली जाताना पाहिली नाही. फाटलेल्या पानावर त्या घरच्या मुलाचं नाव असेल आणि आईने ते लपवायला फाडलं असेल. किंवा त्या मुलानेच चार ओळी लिहून वही टाकून दिली असेल, त्याच्या आईने ‘ही घेऊन जा’ म्हटलं असेल, आणि दुसऱ्याची टाकलेली वही आहे हे वर्गात कळू नये म्हणून तुमच्या आईने नाव काढून टाकलं असेल. ‘दाखवत बसू नकोस’ हे दोन्हींत बसतं. काम सुटणं हेही दोन्हींत बसतं, कारण कामं शंभर कारणांनी सुटतात. मी दादाची बाजू घेत नाही. त्यानेही ‘दिली होती’ हे कशावरून ठरवलं, देव जाणे. कदाचित तेरा वर्षांच्या मुलाला तसं ठरवणं भाग पडलं असेल.

स्मृतीचा अभ्यास करणाऱ्यांना हे नवीन नाही. फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ब्रिटनमधल्या लोकांना एक अनोळखी लोककथा वाचायला देऊन ती पुन्हा पुन्हा आठवून सांगायला लावली होती. दर खेपेला कथेतला न उमगलेला भाग गळत गेला आणि सांगणाऱ्याला अर्थपूर्ण वाटेल असं काहीतरी त्या जागी येत गेलं. ती माणसं खोटं बोलत नव्हती. आठवणं म्हणजे पेटीतून जपून ठेवलेली वस्तू काढणं नव्हे, आपण ती दर वेळी थोडी नव्याने घडवतो. तुम्ही चाळीस-पंचेचाळीस वर्षं ती वही घडवताय. दादाही घडवतोय. दोघंही प्रामाणिक आहात.

तेव्हा ‘वगळलं तर खोटं होईल का’ याच्या आधी विचारा की आत्ता आहे ते कितपत खरं आहे. ते पान पुन्हा लिहा. डोळ्यांनी जे पाहिलं ते वेगळं ठेवा. आठ वर्षांच्या मुलीने त्यातून काय समजून घेतलं ते वेगळं. आज या वयात तुम्हाला काय वाटतं ते वेगळं. दादाला काय आठवतं तेही त्याच पानावर येऊ द्या. एकाच माणसाची दोन रूपं समोरासमोर बसवून आत्मकथन लिहिता येतं हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. दया पवारांच्या १९७८ सालच्या ‘बलुतं’मध्ये दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांनाच सांगतो. तुमच्याकडे तर बहीण-भाऊ अशी दोन खरी माणसं आहेत. ‘आईने चोरी केली’ या वाक्यापेक्षा ‘ती वही कुठून आली हे आम्हा दोघांना वेगवेगळं आठवतं’ हे वाक्य मला जास्त खरं वाटतं, आणि लेखनाच्या दृष्टीनेही त्यातून जास्त दरवाजे उघडतात.

वगळण्याबद्दल माझं मत सरळ आहे. एखादी गोष्ट न सांगणं आणि खोटं सांगणं यांत फरक आहे. दादाला बरं वाटावं म्हणून, मनाला पटत नसताना, ‘त्यांनी दिली होती’ असं लिहिलंत तर ते खोटं. ते पान घरी ठेवून बाकीचं वाचलंत तर कुणाचीही फसवणूक होत नाही. जगातलं प्रत्येक आत्मकथन सांगितलेल्यापेक्षा न सांगितलेलंच जास्त असतं.

आणि ते पान आईला न विचारता गटात वाचू नये, असं मला ठामपणे वाटतं.

फ्रँक मॅकोर्ट यांचं आयर्लंडमधल्या गरीब बालपणावरचं आत्मकथन १९९६ साली आलं, पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं आणि ते जगभर वाचलं गेलं. त्याआधी बऱ्याच वर्षांपूर्वी ते रंगमंचावर याच आठवणी सांगत असत. एका प्रयोगाला त्यांची आई प्रेक्षकांत बसली होती. तिने तिथूनच ओरडून सांगितलं की हे सगळं धादांत खोटं आहे. १९८१ साली ती वारली. पुस्तक तिने पाहिलं नाही. यावरून मॅकोर्ट खोटं बोलत होते असं मला म्हणायचं नाही. पण मुलगा वर उजेडात आणि आई खाली अंधारात, तिच्या संसाराच्या चिंध्या अनोळखी माणसांसमोर, हे चित्र माझ्या मनातून जात नाही. तिला आधी कुणी घरी बसवून विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती?

तुमची भूक, तुमची लाज, तुम्ही वर्गात उभं राहणं, हे सगळं तुमचं आहे. ते सांगायला आईची, दादाची, कुणाचीच परवानगी लागत नाही. वहीची हकिगत मात्र आईच्या हातून घडलेल्या गोष्टीची आहे. आई हयात आहे, गटातले दोन-तीन जण तुमच्या घरी येतात असं तुम्हीच लिहिलंय, आणि ती त्यांच्यासमोर बसणार आहे. ती असेपर्यंत त्या पानावर तिचा नकार चालला पाहिजे. दादाला तो अधिकार नाही. त्याच्याबद्दलचा मजकूर त्याला दाखवा, त्याला खुपणारं काही असेल तर ऐकून घ्या, त्याच्या मुलांसमोर काय येईल याची त्याची काळजी खरी आहे ती समजून घ्या. पण ‘जाळून टाक’ हे ऐकू नका. न वाचणं म्हणजे नष्ट करणं नव्हे.

आईशी बोलायला फोन नको, दादाची हजेरी नको, आणि साठ पानांचा गठ्ठा तर नकोच. दोघीच असाल अशी दुपार निवडा. भांड्यांचा प्रसंग तिला वाचून दाखवा. ती ऐकताना दुरुस्त्या करेल, त्या करू द्या आणि तिथेच लिहून घ्या. आपली गोष्ट मुलीने कशी जपली आहे हे तिला आधी कळू दे. वहीचा विषय त्या दिवशी निघाला नाही तरी बिघडत नाही. निघाला तर ‘तू चोरलीस का’ हा प्रश्न कृपा करून विचारू नका. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कुणालाही मुलीसमोर आरोपी म्हणून उभं राहावं लागू नये. ती ‘नको वाचूस’ म्हणाली तर पान पाकिटात घालून ठेवा. ‘वाच की’ म्हणाली तर आठवडाभराने पुन्हा एकदा विचारा, कारण मुलीचं मन मोडू नये म्हणून आया पुष्कळदा हो म्हणतात. ती तिसरंच काही सांगेल अशीही शक्यता आहे. मग तुमचं पान आणखी एकदा लिहावं लागेल. लिहा.

आईबद्दल अजून थोडं. ती शाळेच्या तारखा विसरायची, क्षुल्लक कारणावरून हात उगारायची, असं तुम्ही लिहिलंय, आणि त्यातला राग अजून निवलेला नाही. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. ऊस पिकवणाऱ्या त्याच त्या शेतकऱ्यांची विचारशक्तीची चाचणी पीक हाती येण्याआधी, ओढगस्तीच्या दिवसांत, आणि पैसे आल्यानंतर, अशी दोनदा घेतली. ओढगस्तीच्या दिवसांत त्यांची कामगिरी खालावलेली होती. माणसं तीच, डोकं तेच, पण त्यातला मोठा भाग ‘उद्याचं काय’ या एका प्रश्नाने अडवलेला. याने मार खाल्लेल्या मुलीचं दुखणं कमी होत नाही आणि तुम्ही तो राग लिहायचा थांबवू नये. फक्त ‘आईला आमची पर्वा नव्हती’ या वाक्याच्या शेजारी हेही ठेवून बघा.

एक गोष्ट तुम्ही पत्रात जाता जाता म्हणालात: तुमच्या मुलीला यातलं फारसं माहीत नाही. गटाच्या आधी तिला सांगा. आपल्या आईचं लहानपण बाहेरच्या कुणाकडून कळणं फार लागतं.

प्रत्यक्ष वाचायची वेळ येईल तेव्हा चार पानं, दहा मिनिटं, त्याहून जास्त नको. घरी दोनदा मोठ्याने वाचून पाहा. जिथे दोन्ही वेळा आवाज फुटत नाही तो भाग अजून चारचौघांत न्यायच्या तयारीचा नाही, तो पुढच्या वर्षी वाचता येईल. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक अनुभवाबद्दल सलग चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटं लिहायला सांगितलं होतं. लिहून झाल्या झाल्या ती मुलं अधिक उदास झाली. पुढच्या काही महिन्यांत मात्र इतर विद्यार्थ्यांपेक्षा त्यांना दवाखान्यात कमी वेळा जावं लागलं. नंतरच्या अनेक अभ्यासांत हा फायदा सरासरीने लहानच निघाला, त्यामुळे लिहिलं की मन मोकळं होतंच असं मी म्हणणार नाही. पण लगेच येणारी उदासी ओळखीची आहे. वाचून झाल्यावर त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी ‘उगाच वाचलं’ असं वाटलं तर तोच शेवटचा निकाल समजू नका. त्या संध्याकाळी घरी एकट्याने परतू नका, गटातलं सगळ्यात जवळचं माणूस सोबत असू द्या. खरं तर त्या माणसालाच आधी एकदा वाचून दाखवा. पंधरा जणांपुढे पहिल्यांदा वाचण्यापेक्षा एकापुढे वाचणं सोपं आणि पुष्कळदा जास्त उपयोगाचं.

गट चालवणाऱ्यांशी आधी खाजगीत बोला. वाचनाचं कुणी चित्रण करू नये, पानांचे फोटो काढून पुढे पाठवू नयेत, हे त्यांनी सुरुवातीला सगळ्यांना सांगावं. छापील प्रती वाटू नका. आणि वाचून संपल्यावर सगळे गप्प बसले तर घाबरू नका. चांगल्या गटात अशी शांतता येते. ती भरून काढायला ‘तसं काही फार नव्हतं हो’ असं म्हणू नका. हे वाक्य अशा वेळी जिभेवर येतंच.

अशी पत्रं मला इतरांकडूनही येतात, आणि ऐकणाऱ्याच्या जागी असलेलेही हे सदर वाचतात. त्यांना माझी विनंती आहे. समोरचं माणूस आपलं गरीब लहानपण सांगतं तेव्हा आपल्या घरच्या गरिबीची गोष्ट लगेच पुढे करू नका. ‘बघा, तरी किती वर आलात’ असंही म्हणू नका. गोष्टीतल्याच एखाद्या तपशिलाबद्दल विचारा. कुठलं भांडं सर्वांत छान वाजायचं? सातवीत शाळा सुटलेल्या त्या मुलीचं पुढे काय झालं? मी माझ्या मैत्रिणीला त्या हरवलेल्या किल्लीबद्दल विचारायला हवं होतं.

ताई, तुम्ही वहीबद्दल अडीच पानं लिहिलीत. पिशवी आहे, फाटलेलं पान आहे, उजेड कुठून येत होता तेही आहे. पण वहीचा रंग कुठेच नाही. तुम्हाला आठवत नाही की लिहायचा राहिला, मला माहीत नाही. आईकडे जाल तेव्हा आधी तेवढंच विचारा.